आतलीचा पगार

चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे बाई म्हणायचे आणि पाठीमागे चाळणी. फार पाठीमागेही नाही, ती दोन पावलं पुढे गेली की लगेच. तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटायचं नाही. तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईला चाळणी म्हणणार नाहीत तर काय फुलदाणी म्हणतील? भट्टीतून निघालेली एकेक प्लेट हातात घ्यायची, आधी उलटी करून बूड बघायचं, मग सुलटी करून उजेडाकडे तिरकी धरायची, नखाने टिचकी मारून कानाशी न्यायची. बारीक भोक, केसाएवढा तडा, रंगाचा ओघळ, काहीही सापडलं की 'बाद' म्हणायचं आणि शेजारच्या पत्र्याच्या पिंपाच्या काठावर आपटून तिथल्या तिथे फोडायची. अख्खी ठेवली तर ती कुणाच्या तरी पिशवीतून फाटकाबाहेर जाते आणि बाजारात कारखान्याची अब्रू घालवते, म्हणून बाद झालेलं लगेच फोडायचं, अशी तिथली रीत होती. कुणी रंगवली, किती जीव लावून रंगवली, हे विचारायचं नाही. विचारलं की हात थांबतो.

सगळ्यांना वाटायचं, दुसऱ्याच्या कामात खोट काढण्यात बाईला मजा येते. मजा कसली डोंबलाची! दुसऱ्याच्या कामातली खोट हा तर तिचा विसावा होता. खरा जाच निराळाच होता. तिच्या डोक्यात एक बाई राहायची. भूतबित नव्हे, भूत असतं तर परवडलं असतं, काही उपाय तरी करता आला असता. ही नुसती बोलायची. एरवी गप्प, पण हातात ब्रश घेतला रे घेतला की सुरू. 'रेघ हलली बघ.' 'हे पान म्हणायचं की जीभ?' 'एवढा निळा? शाई सांडली का?' तिने तिचं नाव ठेवलं होतं, आतली. आतलीला वय नव्हतं, चेहरा नव्हता, आणि थकवा तर नव्हताच नव्हता.

खरं तर ती कारखान्यात लागली होती ती रंगवायला. वय कोवळं होतं, हात हलका होता, आणि प्लेटच्या कडेने निळ्या पानांची वेल काढावी तर तिनेच, असं त्या लांबलचक खोलीतल्या इतर बायाच म्हणायच्या. पण प्लेटवरचा रंग भट्टीत जाईपर्यंत कच्चा असतो. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की झाली प्लेट पुन्हा कोरी. बाकीच्या बाया बोळ्याला हात लावायच्या ते शिंक येऊन ब्रश घसरला तरच. हिचा बोळा कधी सुकलाच नाही. ती काढायची, आतली बोलायची, ती पुसायची. पुन्हा काढायची, पुन्हा पुसायची. शेजारणीच्या प्लेटांची चवड छातीला लागायची तेव्हा हिच्यासमोर तीच एक प्लेट, नुकती अंघोळ करून आल्यासारखी लख्ख. शेवटी मुकादम वैतागला. "अगं, तुला पानं काढायला ठेवलंय, भांडी घासायला नाही," म्हणाला. पण माणूस हुशार. "हाताचं राहू दे," म्हणाला, "तुझा डोळा मात्र भारी आहे," आणि त्याने तिला उचलून तपासणीच्या टेबलाशी बसवलं.

म्हणजे बघा, हात बसला घरी आणि आतलीला लागली कायमची नोकरी. महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायची ती आतली. घर चाललं, मुलगा शिकला, लग्न झालं त्याचं, सगळं आतलीच्या जिवावर. आणि जिच्या जिवावर घर चालतं तिला तोंड मिटून बस म्हणायची काही सोय असते का?

त्या कारखान्यात एक चांगली चाल होती. निवृत्त होणाऱ्या माणसाला, मग तो साहेब असो की झाडूवाला, एक कोरी प्लेट मिळायची. तिच्यावर त्याने हवं ते काढायचं, शेवटच्या आठवड्याच्या भट्टीत ती भाजून घ्यायची आणि घरी न्यायची. कामगारांच्या वसाहतीत घरोघरी भिंतीवर अशी एकेक प्लेट होती. चौकीदाराने गाय काढली होती, तिला सगळे बाकडं समजायचे. हिशेबनिसाने सोनेरी रंगात नुसती आपली सही केली होती, तीही एवढी मोठी की शेवटची रेघ प्लेटच्या मागच्या बाजूला गेली होती. लोक हसायचे, हसणार नाहीत तर काय, पण प्लेट भिंतीवरून कुणी उतरवली नाही. नियम फक्त एक होता आणि तोही बाईनेच घातलेला. या प्लेटाही टेबलावरून जायच्या, आणि पास होईपर्यंत मागे नाव लिहायचं नाही. "कोण रिटायर होतंय ते भट्टीला काय कळतं?" असं ती म्हणायची. त्यातल्या काही तिने फोडल्याही होत्या. ज्यांच्या फुटल्या त्यांनी तिच्याशी जन्माचा अबोला धरला.

आता तिची पाळी आली. आणि आयुष्यभर प्लेटा फोडणाऱ्या या बाईला एक प्लेट हवी होती. एकदा, एकदाच, आपल्या हातचं काहीतरी भट्टीतून निघून टेबलावर पास झालेलं तिला बघायचं होतं. बाईंची आहे म्हणून पास नको. ओळखीने पास झालेली प्लेट म्हणजे भीक, आणि भीक तिला नको होती. ज्याला काही माहीत नाही अशा माणसाने उचलावी, निरखावी आणि पास म्हणून बाजूला ठेवावी. बस, एवढंच.

काढायचं काय, हेही कधीचं ठरलेलं होतं. घरामागच्या दोरीवर वाऱ्यात वाळणारे कपडे. ओट्याशी उभं राहून इतकी वर्षं ती खिडकीतून तेच बघत आली होती. नवऱ्याचा शर्ट वारा आला की दोन्ही हात वर करायचा, शेजारची चादर पोट फुगवून उभी राहायची, आणि मुलगा लहान होता तेव्हाची त्याची ती चड्डी एका चिमट्यावर गिरक्या घ्यायची. बघताना तिला हसू यायचं आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही यायचं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, काढण्यासारखं होतं.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती रंगवायच्या खोलीतल्या कोपऱ्यात बसू लागली. जाड भिंगांचा चष्मा नाकावर, पुढ्यात प्लेट. पहिल्या दिवशी दोरी काढली. 'दोरी आहे की गांडूळ?' आतली म्हणाली. बोळा. दुसऱ्या दिवशी शर्ट काढला. 'खांदे बघ, हँगरसकट वाळत घातलाय का?' बोळा. तिने गुणगुणून पाहिलं. आतलीला सूरही कळत होता, ती त्यावरही बोलली. तिने मोठ्याने शिव्या घालून पाहिल्या. तेवढ्यात एक रंगवणारी डबा विसरला म्हणून परत आली होती, ती दारातूनच पळाली. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यात पसरलं की चाळणीने आता रिकाम्या खोलीलाही सोडलं नाही.

घरी तिने हे नवऱ्याला सांगितलं. नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता घरीच असायचा आणि सल्ले द्यायचा. "अगं, बस चालवताना मागून लोक ओरडायचेच," तो म्हणाला. "कुणी म्हणे हळू, कुणी म्हणे पळवा. मी काय करायचो? ऐकायचो आणि चालवायचो."

"म्हणूनच दोनदा खांबाला ठोकलीत."

"खांब मध्ये आला होता," नवरा म्हणाला आणि त्याने पेपर तोंडासमोर धरला.

सून मात्र कान देऊन ऐकत होती. मुलगा लांब पल्ल्याच्या गाड्यांवर कामाला, महिन्यातून चार दिवस घरी. घरात काय त्या या दोघी आणि पेपरामागचा सासरा. बाईने साहेबांकडे शब्द टाकून आपल्या जागेवर सुनेलाच घेतलं होतं आणि गेलं वर्षभर ती तिला टेबलाशी तयार करत होती. पोर मन लावून शिकली होती. नजर तीक्ष्ण, हात चपळ, आणि आताशा टिचकी मारायच्या आधीच कानाला कळायचं. पण सासूच्या तोंडून 'बरं' असा एक शब्द कधी निघाला असेल तर शपथ. चहा केला तर साखर जास्त, कमी केली तर पाणचट, कपडे वाळत घातले तर 'चिमटा खांद्याला लावतात का गं कुणी?' सून रडत नव्हती. ती दुसऱ्या दिवशी चिमटा बाहीच्या टोकाला लावायची आणि हळूच सासूच्या तोंडाकडे बघायची. तोंड तसंच. एकदा घोटभर चहा पिऊन सासू काहीच बोलली नाही, तर ती दिवसभर त्याच आनंदात होती.

"आई, मी मोबाइलवर पाहिलंय," सून म्हणाली. "डोक्यात असं बोलणारं असतं ना, त्याला म्हणे नाव द्यायचं."

"दिलंय."

"मग समोर खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, तू माझ्या भल्यासाठीच बोलतेस, थँक यू, आता तू जा."

"जा म्हटल्यावर जाणारी असती तर ती माझ्या डोक्यात कशाला राहिली असती? तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात राहिली असती. तिथे जागाच जागा आहे."

सून खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण सासू हसत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, दार आतून लावून, त्या बाईने खरंच समोर एक खुर्ची ओढली. म्हणाली, "बाई गं, तू माझ्या भल्यासाठीच बोलतेस. थँक यू. आता जा." 'खुर्ची कशाला?' आतली म्हणाली. 'उभ्यानेही दिसतंय मला. ती बाही वाकडी आहे.' आणि होतीच वाकडी. तेच तर दुखणं होतं. आतली कधी खोटं बोलायची नाही.

असं करता करता शनिवार आला. शनिवारी दुपारी भट्टी लागायची ती सोमवारी उघडायची, आणि सोमवारी तिचा निरोप समारंभ. शनिवारी कारखाना अर्धा दिवस. भोंगा झाला, बाया गेल्या, सुनेने विचारलं, "आई, येताय ना?" तिने "तू हो पुढे," म्हणून घालवली. खोलीत ती एकटी. प्लेटवर पुसून पुसून निळसर डाग धरला होता आणि त्याच्या मधोमध एक चादर, तीही अर्धी. 'ही चादर आहे?' आतलीने विचारलं. 'हिच्यात तर कुणी झोपणार नाही आणि मेलेल्यावर घालायलाही कुणी घेणार नाही.'

बाईने चिडून बोळा असा आपटला की टर्पेंटाइन उडालं थेट चष्म्यावर. तिने चष्मा काढला. पदराने, मग रुमालाने पुसायला गेली, तर भिंगावर तेलकट फराटे. वैतागून तिने चष्मा टेबलावर ठेवला आणि समोर पाहिलं. समोर काही नव्हतं. म्हणजे होतं सगळं, पण कडा नव्हत्या. खिडकी म्हणजे एक उजळ ढीग, रंगाच्या वाट्या म्हणजे ठिपके, प्लेट म्हणजे एक पांढरा गोल. तिने सहज ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि वाट पाहिली.

'काय काढतेस?' आतली म्हणाली. आवाज जरा घाबरलेला होता. 'अगं, काय काढतेस? मला दिसत नाहीये.'

बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या वर्षांत हे साधं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आतलीला डोळे कुठले? आतली बघायची ती हिच्याच चष्म्यातून!

ती डागाळलेली प्लेट तिने बाजूला सारली. पास झालेल्या कोऱ्या प्लेटा कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली मुकादमाकडे. भिंतीशी न तपासलेल्या कोऱ्या प्लेटांची चवड होती. तिने चाचपडत वरची एक घेतली. बोटं सवयीने ती उलटी करायला निघाली आणि टिचकीसाठी नख वर आलं. तिने नख दाबून धरलं. आता बघायचं म्हणजे चष्मा घालायचा, चष्मा घालायचा म्हणजे तिला उठवायचं. नको. प्लेट जशी हाती आली तशी तिने पुढ्यात ठेवली. असं तिने जन्मात केलं नव्हतं.

आणि मग तिने काढलं. अहो, काय काढलं ते तिलाही दिसत नव्हतं, पण हाताला सगळं ठाऊक होतं. दोरी एका झोक्यात गेली. शर्टाचे हात वर गेले तसा तिचा स्वतःचा खांदाही वर गेला. चादरीचं पोट फुगलं तेव्हा तिने श्वास घेतला, आणि ती चिमुकली चड्डी काढताना तिला इतकं हसू आलं की ब्रश बाजूला धरावा लागला. कुणीही काही बोलत नव्हतं. डोक्यात एवढी शांतता तिने कधी ऐकलीच नव्हती. मुलगा झाला तेव्हा नाही की आई गेली तेव्हा नाही. काम संपलं तेव्हा तिला कळलंही नाही की गाल ओले झालेत. ती सुखी होती. साधी, स्वच्छ, लहान मुलीसारखी सुखी होती.

चष्मा तिने पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. एकदा बघावं असं मन ओढ घेत होतं, पण बघितलं की बोळा हातात येणार हे तिला पक्कं माहीत होतं. भाजून झाल्यावर बघू. भाजलेला रंग कुणाच्या बापाला पुसता येत नाही. प्लेट दोन्ही हातांच्या बोटांवर तोलत, भिंतीच्या कडेकडेने, ती भट्टीशी गेली आणि भट्टीमामांच्या हातात दिली. भट्टी लावणारा म्हातारा तो, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा.

"मामा, ही माझी. कुणाला बोलू नका. सुनेला तर मुळीच नाही."

"मला काय करायचंय?" मामा म्हणाले आणि त्यांनी प्लेट आत सरकवली.

घरी सुनेने विचारलं, "आई, झाली का प्लेट?"

"नाही जमली. राहू दे," सासू म्हणाली. खोटं बोलताना तिला आतून गुदगुल्या होत होत्या. सोमवारी टेबलाशी सून एकटीच असणार होती, पहिल्यांदाच, सासू निरोपाच्या खुर्चीत अडकलेली असताना. तिला काही माहीत नसणार. ती उचलेल, निरखेल आणि पास करेल. आणि ही पोर पास करते म्हणजे पास, हे बाईला ठाऊक होतं. तसं ते तिने सुनेला कधी सांगितलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

रविवारी तिने सुनेच्या हातचा चहा निमूट प्यायला आणि आणखी अर्धा कप मागितला. सून घाबरून सासऱ्याकडे गेली. "बाबा, आईंना बरं नाहीये का?" सासऱ्याने पेपराआडून वाकून पाहिलं. बायको चष्म्याशिवायच खिडकीशी उभी राहून दोरीवरच्या कपड्यांकडे बघत हसत होती. "असू दे," तो म्हणाला. "बस रिकामी झाली असेल."

सोमवारी कँटीनमध्ये समारंभ झाला. साहेबांनी भाषण केलं. बाईंच्या नजरेतून माशीसुद्धा सुटली नाही, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या प्लेटा तिने फोडल्या होत्या त्यांनी जरा जास्तच वाजवल्या. तिला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिचं लक्ष कशात? तिला भट्टीचं दार उघडल्याचा आवाज कँटीनमध्येही ऐकू आला होता, त्यानंतर गाडे गेल्याचा, आणि त्यानंतर लांबून, टेबलाच्या बाजूने, मधूनच येणारा पिंपाचा आवाज. पोर बरोबर काम करत होती. बाईने चहा अर्धा टाकला, घड्याळ बगलेत मारलं आणि निघाली.

वाटेत भट्टीशी मामा भेटले.

"निघाली का हो माझी?"

"निघाली की. अख्खी. तडा नाही काही नाही."

"कशी दिसत होती?"

मामा विचारात पडले. "आता मी बघतो ते कडा, बाई. शेजारच्या प्लेटला टेकली की चिकटते ना. तुमची टेकली नव्हती. चांगली होती."

तेवढं तिला पुरलं. तिने चालता चालता पर्स उघडली, चष्मा काढला, नीट पुसला आणि डोळ्यांवर चढवला. पावलं भरभर पडत होती, या वयात, कारखान्याच्या बोळात. टेबलाशी सून शेवटच्या गाड्यावर होती. डावीकडे पास झालेल्या प्लेटांच्या रांगा, आरशासारख्या. सासूला बघून ती चटकन उभी राहिली. बाई थेट रांगेकडे वळली आणि पहिल्या प्लेटपासून शेवटच्या प्लेटपर्यंत बघत गेली. निळी पानं, निळी पानं, निळी पानं. परत उलटी बघत आली.

"काही चुकलं का माझं?" सुनेने विचारलं.

"एक वेगळी होती. यांच्यात न बसणारी. कपडे होते तिच्यावर, दोरीवर वाळत घातलेले."

"कपडे?" सून आठवू लागली. "कपड्यांचं नाही माहीत. पण हो, पानं नसलेली एक होती. बुडाला भोक होतं, टाचणीच्या टोकाएवढं. कोरी असतानाच बाद व्हायला हवी होती, इथपर्यंत आली कशी देव जाणे. मी केली बाद."

"फोडलीस?"

"मग? लगेच फोडली. हातात जास्त वेळ धरायची नाही, असं तुम्हीच तर सांगितलंय."

बाईने टेबलाची कड धरली. घड्याळ बगलेतून घसरायला लागलं, ते तिने टेबलावर ठेवलं. मग तिने विचारलं, आणि आवाज अगदी साधा ठेवला, "चित्र कसं होतं?"

"चित्र?" सून गोंधळली. आपली परीक्षा चाललीय असं तिला वाटलं, आणि तिने पाठ असलेलं उत्तर दिलं. "आधी बूड बघायचं. बुडाला भोक दिसलं की सुलटी करायचंच कारण नाही. चित्राकडे कोण बघतं?"

पिंप पाऊण भरलं होतं. बाई त्याच्यावर वाकली. पांढऱ्या कपच्या, निळ्या रेघा. एक उचलली, दुसरी उचलली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. हा शर्टाचा हात की वेलीचं पान? ही दोरी की कडेची रेघ? सगळ्यांचा निळा एकच, एकाच वाटीतला. आपल्या हातची रेघ तिला ओळखता येईना. ती एकदाच काढली होती आणि एकदाही पाहिली नव्हती. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की या टेबलाशी तिने इतकी वर्षं काढली, त्या वर्षांत तिच्या हाताखालून इतक्या जणींची कामं गेली, पण भोकं आठवतात, तडे आठवतात, कुठल्या प्लेटचा ओघळ कुठल्या बाजूला होता तेही आठवतं, आणि चित्र मात्र एक आठवत नाही. एकही नाही. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि आपल्यासाठी रडावं की त्या सगळ्या जणींसाठी, तेही कळेना.

'बुडाला भोक होतं ना?' आतली म्हणाली. चष्म्याबरोबर ती परत आलीच होती, ताजीतवानी, दोन दिवस झोप काढून. 'मग बादच. पोरीने बरोबर केलं.'

"कुणाची होती, आई?" सून विचारत होती. "कुणी बोलणार आहे का मला? तुमच्या ओळखीतल्या कुणाची होती का?" आणि मग जरा थांबून, सासूला बरं वाटावं म्हणून, म्हणाली, "तुमची जमली असती तर किती छान झालं असतं ना आज? तुमची मी डोळे मिटून पास केली असती."

बाईने हातातली कपची पिंपात टाकली. बोटाला कापलं होतं, ते तिने रुमालात गुंडाळलं. सांगावं असं तोंडापर्यंत आलं. सांगितलं तर प्लेट फोडताना या पोरीचा हात जन्मभर थांबेल. नाही सांगितलं तर जन्मात कधी थांबणार नाही. यातलं वाईट कोणतं हे तिला ठरवता येईना, आणि ठरायच्या आधीच आतलीने तिचं तोंड वापरलं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली.

सुनेने वर पाहिलं. तिला वाटलं, चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"बरोबर केलंस म्हटलं. अशीच करत जा."

सून लाजली. चक्क लाजली, कानापर्यंत लाल झाली. लग्न होऊन घरात आल्यापासून हे शब्द तिने पहिल्यांदा ऐकले होते, आणि ते कशात भरून ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. तिने घाईघाईने हात पुसले, खुर्ची पुढे ओढली, सासूकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि गाड्यावरची पुढची प्लेट उचलून, चित्राकडे न बघता, उलटी केली.